रुईची अख्खी पानं

ग्वाल्हेर, १० जून २०२४

चि. राजलक्ष्मी,

आशीर्वाद लिहायला आज हात जड होतोय. पण आईनं वाकून बघितलं तर विचारेल, म्हणून घे.

तुझं पार्सल पोचलं. आईची साडी आईला आवडली. माझी मला आवडली नाही. पोत चांगला आहे, काठ चांगले आहेत, नाव ठेवायला कुठे जागाच नाही, त्याचाच राग आला. कागदावर लिहितेय, कारण व्हॉट्सअॅपवर मी चार ओळी लिहिल्या की तू ऑस्ट्रेलियातून अंगठा पाठवतेस. अंगठ्याशी भांडता येत नाही.

तुझा फोटो इथल्या हिंदी पेपरात आला. आईनं तो कापून फ्रिजवर लावलाय, म्हणजे दूध काढायला गेले की तू, भाजी काढायला गेले की तू. परवा दाल बाजारात तूरडाळ घ्यायला गेले. त्या दुकानातून मी लग्न झाल्यापासून डाळ घेते. दुकानदार म्हणाला, "आप राजलक्ष्मी मैडम की दीदी हैं ना?" इतक्या वर्षांत त्यानं माझं नाव कधी विचारलं नव्हतं. मी डाळ घेतली आणि सुटे पैसे न घेताच निघून आले. घरी उन्नतीला सांगितलं तर माझी ही पोटची पोरगी मलाच म्हणते, "आई, तू ना, मावशी से जलती है." म्हटलं, घरात मराठीत बोल. तर म्हणाली, "बरं, जळतेस."

जळते. लिहून देते. आता मुद्द्याचं.

मे महिन्यातली ती मीटिंग तू विसरलेली नाहीस, पण विसरल्यासारखं करशील, म्हणून आठवण देते. कीडनियंत्रण समितीचे अध्यक्ष संग्रामसिंह साहेब मधोमध, तू टेबलाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. बाजरीवर येणारा नाकतोडा, ज्याला इथे सगळे फडका म्हणतात, त्याला मारायला तू तिकडची बुरशी आणणार. पाऊस सुरू झाला की भितरवारकडच्या शेतांत ती सोडायची आणि हवेत ओल आली की ती आपोआप पसरणार. सगळे खूश होते. मी उभी राहिले आणि म्हणाले की ही बुरशी फडक्यावर थांबत नाही, इथले दुसरे कीटकही मरतात, मी आमच्या प्रयोगशाळेत तपासून बघितलंय. संग्रामसिंहांनी विचारलं, हे काम तुम्हाला सांगितलं कुणी? आणि मी बोलून बसले, "किसी ने नहीं कहा, सर. मैंने खुद किया है, दो साल, पूरी ईर्ष्या से."

खोली हसली. संग्रामसिंह म्हणाले, "चलिए, मैडम ने खुद ही मान लिया." आणि पुढचा विषय सुरू झाला.

राजू, मला हिंदी येत नाही असं नाही. जन्म हिंदीत गेला, भाजीवाल्याशी, साहेबांशी, नवऱ्याच्या मित्रांशी. पण रागात माणसाच्या तोंडात घरचा शब्द येतो, आणि हा शब्द बाबांचा. कृषी महाविद्यालयातून शिकवून आले की आपल्या दोघींना समोर बसवून म्हणायचे, नुसती हुशारी काय चाटायचीय, ईर्षा पाहिजे. आपल्या घरात ईर्षा म्हणजे जिद्द, चुरस, पेटून काम करणं. हिंदीत तिचा अर्थ एवढाच, की दुसऱ्याचं बघवत नाही. त्या खोलीत हा फरक कळणारी माणसं दोनच होती. एक मी, आणि मी लाजेनं गार पडले होते. दुसरी तू.

तुला कळलं होतं. तू मान वर केलीस, माझ्याकडे बघितलंस, मग बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायलीस. एक वाक्य बोलली असतीस तर पुरलं असतं, की सर, मराठीत याचा अर्थ जलन नाही, लगन होतो, म्हणजे जिद्द. तुझं त्यांनी ऐकलं असतं.

अजून पाऊस आलेला नाही. त्यांना आता लिही. म्हणावं, ताईचं काम बघितल्याशिवाय सोडू नका.

ताई

ग्वाल्हेर, २९ जून २०२४

चि. राजू,

तुझं उत्तर आईच्या फोनच्या स्पीकरवरून मिळालं. मी भाकऱ्या थापत होते आणि तू आईला सांगत होतीस, ताईला माझं चांगलं बघवत नाही. आई फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "सीमंतिनी, तिचं काय चुकलं गं?" आई पूर्ण नावानं हाक मारते तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो.

बघवत नाही हे खरं आहे. पण तेवढ्यानं बुरशीचं खोटं होत नाही, आणि हे दोन वेगळे धागे आहेत हे कुणाला समजावून सांगू? रोज सकाळी मी स्वतःलाच विचारते, सीमंतिनी, हे काम तिचं नसतं तर तू एवढी तपासत बसली असतीस का? मग मी प्रयोगशाळेतले पिंजरे उघडून बघते. आतले मेलेले कीटक मेलेलेच असतात, मी कुणावर जळो न जळो.

तू म्हणालीस, तिकडे कितीतरी वर्षं वापरतात, काही झालं नाही. अगं, तिकडची बुरशी तिकडच्या कीटकांबरोबर वाढली, त्यांची एकमेकांशी ओळख आहे. गाजरगवत बाहेरून आलं, त्याला खायला बाहेरचा भुंगा आणला, ते मला समजतं. इथे त्या गवताला कुणी खाणारं नव्हतं. फडका बाहेरचा नाही. तो आपल्याआधीपासून इथे आहे. त्याची सगळी भावकी इथे आहे, त्याला खाणारे पक्षी इथे आहेत, आणि त्याला मारणारी इथली बुरशीसुद्धा आहे. तो काही वर्षांनी माजतो, नुकसान करतो, शेतकरी बोंब मारतात, मग एखाद्या ओल्या श्रावणात इथलीच बुरशी त्याला खाली आणते. तुझी बुरशी आली की या इथल्या बुरशीचं काय होईल, विचार केलास? आणि औषध फवारलं तर पुढच्या वर्षी फवारणं बंद करता येतं. ही जिवंत आहे. हिला परत बोलावता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. तू ज्या इथल्या कीटकांवर तपासणी केलीस, त्यांची यादी मी नीट वाचली. त्यात रुईवरचा नाकतोडा नव्हता.

आठवतो ना? शनिवारी बाबा आपल्याला किला गेटवरून वर, किल्ल्याच्या उतारावर न्यायचे, मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं आणायला. आईला माळेत अख्खीच पानं लागायची, आणि अख्खं पान मिळणं मुश्कील, कारण ते पिवळे-निळे नाकतोडे सगळ्या झाडाला दात लावून ठेवायचे. बाबा खाली दगडावर बसून म्हणायचे, ईर्षेनं शोधा. आणि दर शनिवारी तुझ्या फ्रॉकच्या घोळात माझ्यापेक्षा जास्त पानं असायची. आई तुझी पानं माळेच्या मधोमध ओवायची, माझी मागे, मानेकडे, जिथे मारुतीशिवाय कुणाला दिसत नाहीत. एकदा त्या नाकतोड्यानं तुझ्या डोळ्यात अंगातल्या जळजळीत रसाची पिचकारी मारली. तू किंचाळलीस, बाबांनी तुला कडेवर घेतलं आणि घरापर्यंत आणलं. दोघींची पानं मी आणली. डोळ्यात माझ्या का नाही उडालं, असं मला सगळा रस्ताभर वाटत होतं.

सगळं विसरशील, पण त्याला कशी विसरलीस?

माझ्या पिंजऱ्यात तो मेला, राजू. फडक्यासारखाच मेला. आधी खाणं सोडलं, मग फांदीवर चढत गेला, अगदी टोकाला पोचला, दांडीला पाय आवळले आणि तोंड वर करून तसाच राहिला. एक नाही, त्या पिंजऱ्यातले सगळे.

उत्तर मला लिही. आईला नको.

ताई

ग्वाल्हेर, २५ ऑगस्ट २०२४

चि. राजू,

तू इथे येऊन गेलीस, आपल्या घरी जेवलीस, आणि आपण बोललो काय, तर चहात साखर किती. म्हणून परत कागद घेतला.

फूलबागेतला तुझ्या सत्काराचा कार्यक्रम छान झाला. मी तू पाठवलेली साडी नेसले होते, तुला वाटलं असेल ताई नरमली. दुसरी इस्त्रीची साडी नव्हती. आई स्टेजवर बसली, तिला शाल मिळाली, आणि तिनं माइकवर सांगितलं की राजू लहानपणापासून किड्यांमागे वेडी होती. मी तिसऱ्या रांगेत होते. किड्यांमागे वेडी मी होते. तू किड्यांना भ्यायचीस आणि पानं गोळा करायचीस. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, घरीच असते. असं का म्हणाले ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी बसनं भितरवारला गेले. तुझी शेतं बघायला. खरं सांगायचं तर तुझी फजिती बघायला. बुरशी लागलीच नसेल, फडके मजेत बाजरी खात असतील, शेतकरी तुला शिव्या देत असतील, असं मी बसमध्ये पूर्ण रंगवून ठेवलं होतं. मनातल्या मनात तुला समजूतही घालून झाली होती, की जाऊ दे राजू, होतं असं.

काम फत्ते झालं होतं. बाजरीच्या प्रत्येक ताटावर टोकाशी फडके मरून चिकटलेले, पान न पान वाचलेलं. मी शेतात आत, चिखलातून दूरपर्यंत चालत गेले, कुठेतरी एखादा जिवंत सापडेल म्हणून. शेताच्या मालकानं मला तुझी बहीण म्हणून ओळखलं, खाटेवर बसवलं, काकडी चिरून मीठ लावून दिली आणि म्हणाला, "आपकी बहन ने बचा लिया, जिज्जी." काकडी गोड होती. त्याच्या घरात लग्न आहे म्हणे यंदा. त्याचं नुकसान व्हावं म्हणून मी साडेतीन तासांची वाट तुडवून गेले होते, हे त्याला काय सांगणार?

घरी येऊन नळ सोडून रडले. ते कीटकांसाठी नव्हतं. तुझं बरं झालं म्हणून रडले. एवढं हलकं मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं, आणि हे सांगायलाही मला तूच सापडलीस.

अभिनंदन. हा शब्द मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

ताई

ग्वाल्हेर, ५ ऑक्टोबर २०२४

राजू,

आशीर्वाद-बिशीर्वाद मागाहून. हे पत्र आधी नीट वाच.

नवरात्र बसलंय आणि आज शनिवार, म्हणून आईनं माळेचा हट्ट धरला. तिचे गुडघे चालत नाहीत, तेव्हा मी सकाळी किला गेटवरून वर गेले. पहिल्याच रुईच्या झुडपावर, शेंड्याला, तो पिवळा-निळा बसलेला दिसला. हात लावला तरी हलला नाही, पिचकारी मारली नाही. दांडीला पाय आवळलेले, तोंड वर.

पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. आनंद झाला. अंगावर काटा येईल एवढा आनंद झाला, की मी खरी ठरले आणि तू खोटी. मग पुढच्या झुडपाशी गेले. तिथेही शेंड्यावर तसेच. त्याच्या पुढच्यावरही. आपल्या बाबांच्या दगडापर्यंत गेले, तिथल्या झुडपाला तर टोकाला जागा उरली नव्हती, एकमेकांना धरून बसले होते. तोवर आनंद गेला होता. मी दगडावर बसले आणि पानं न घेताच खाली आले. आईला सांगितलं, मिळाली नाहीत.

भितरवारची बुरशी किल्ल्यावर कशी आली? वाऱ्यानं आली असेल. भितरवारकडून कडब्याच्या गाड्या किला गेटवरून जातात, त्यांतून आली असेल. आणि आणखी एक, राजू. त्या दिवशी तुझी फजिती शोधत मी चिखलातून चालले होते, आणि त्याच चपला घालून पुढच्या शनिवारी आईच्या पानांसाठी उतारावर गेले होते. प्रयोगशाळेत मी हात धुते, चपला बदलते, डोकं झाकते. त्या दिवशी मी प्रयोगशाळेची बाई म्हणून गेलेच नव्हते. बुरशी माझ्या चपलेनं आणली का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. ती कुठे सोडायची ते तू ठरवलंस, पण ती कुठे जाईल हे तुझ्या हातात नव्हतं, आणि माझ्यासारखी एक बाई वाटेत येईल हे तर तुझ्या कुठल्याच आखणीत नव्हतं.

सरळ संग्रामसिंह साहेबांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मैडम, अब छोड़िए भी. वही ईर्ष्या?" पुढच्या वर्षी मुरैना, भिंड, शिवपुरी, तिन्ही जिल्ह्यांत बुरशी सोडायचं ठरलंय. माझ्या तोंडून निघालेलं काहीही त्यांना तोच एक शब्द वाटणार. जन्मभर.

तेव्हा तू सांग.

मी नमुने पाठवत नाहीये. माझ्या हातचे नमुने म्हणजे परत तेच, म्हणतील हिनंच पिंजऱ्यातले नेऊन चिकटवले. तू ये. स्वतः उतारावर जा, स्वतः गोळा कर, स्वतः तपास. मी त्या दिवशी घराबाहेर पडणार नाही. सापडलं ते तुला सापडलं, तुझ्या नावानं छाप, माझं नाव कुठे घालू नकोस. दोन वर्षांचं माझं काम त्यात मिसळून टाक, मी हरकत घेणार नाही. हे लिहिताना माझे दात आवळलेत, हे तुला न सांगताही कळेल.

पण ये. दिवाळीच्या आत ये, थंडी पडली की काही शिल्लक राहणार नाही.

ताई

ग्वाल्हेर, १९ जुलै २०२५

चि. राजलक्ष्मी,

अनेक आशीर्वाद, आणि यावेळी हात हलका आहे.

तू दिवाळीत आलीस, उतारावर एकटी गेलीस, आणि संध्याकाळी रुईच्या चिकानं माखलेले हात घेऊन स्वयंपाकघरात येऊन उभी राहिलीस. मी तुझ्या हातावर तेल ओतलं. मग समितीपुढे उभी राहून तू म्हणालीस की माझ्याकडून चूक झाली, हे इथेच थांबवा. मुरैना थांबलं, भिंड थांबलं, शिवपुरी थांबलं. त्या काकडीवाल्याची बाजरी यंदा फडका खाईल की नाही, ते आता पाऊस ठरवील. त्याच्याकडे मी जाऊन आले, त्याला सगळं सांगितलं. यावेळी त्यानं काकडी दिली नाही.

तुझा फोटो परत आला. चूक कबूल करणारी धाडसी वैज्ञानिक म्हणून. फ्रिजवर आता दोन आहेत आणि आई दोन्ही पुसते. दाल बाजारवाला म्हणाला, आजकाल असं कोण मान्य करतं, तुमची बहीण देवमाणूस आहे. जळजळ झाली. तिची आता सवय झालीय, तिच्याशिवाय चुकल्यासारखं वाटेल.

पण एक गोष्ट इतके महिने मनात ठेवली होती. मीटिंग संपल्यावर संग्रामसिंह साहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, तुमच्या बहिणीनं जाता जाता एक वाक्य टाकलं, कुणाला काही समजलं नाही. तू म्हणालीस, "दीदी की ईर्ष्या मराठी वाली थी, सर. मेरी हिंदी वाली."

त्यांनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, घरची गोष्ट आहे, सर.

बाटलीचं झाकण उघडून तू पाणी का प्यायलीस, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. लहानपणी बाबा मला घरच्या पिंजऱ्याशी बसवून किड्यांची नावं सांगायचे आणि तुला पानं धुवायला पाठवायचे, हे तू इतकी वर्षं धरून ठेवलं असशील असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी त्यांनी तुला कडेवर घेतलेलंच बघत राहिले. आणि तुझ्या त्या वाक्याला उत्तर हवं असेल तर हे घे: माझीही सगळी मराठी नव्हती. निम्मी तरी तुझ्यासारखीच होती.

आज शनिवार. पाऊस चांगला झालाय, रुई कमरेच्या वर गेलीय. पिवळे-निळे निघायचे हेच दिवस. मी सकाळी बाबांच्या दगडापर्यंत जाऊन आले. पानं पहिल्याच झुडपावर मिळाली, सगळी एकाच झुडपावर, मला शोधावंच लागलं नाही. तरी मी प्रत्येक झुडपाशी थांबले, पानं उलटून बघितली, शेंडे बघितले, एकही पिवळा-निळा दिसला नाही.

आईनं पिशवी ताटात ओतली आणि एकेक पान उजेडात धरून बघत बसली. मग मला म्हणाली, "सीमा, आज किती सुरेख आणलीस गं. एकालाही दात लागलेला नाही. राजू आणायची अगदी तशी."

जन्मभर मी या वाक्याची वाट बघितली. मी ताटासमोरून उठले आणि आत जाऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

तू येणार आहेस ना पुढच्या महिन्यात? शनिवार धरून ये. दोघी वर जाऊ. तू त्या बाजूनं सुरुवात कर, मी या बाजूनं करते. कुठेतरी एखादं कुरतडलेलं पान असेल, एकच असेल, पण असेल. ईर्षेनं शोधू.

तुझी,
ताई